ओल्या होडीचं वजन

अण्णांनी गाडी घेतली तेव्हा त्यांना ती चालवता येत नव्हती, आणि होडी घेतली तेव्हा पोहता येत नव्हतं. आमच्या नातेवाइकांत ही दोन वाक्यं लग्नाच्या प्रत्येक पंगतीत इतकी खिदळत सांगितली गेली की मूळ गोष्ट काय होती, ते आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नसेल. म्हणून लिहून ठेवते. परवा माझ्याही पाठीचा एक्स-रे लाइटसमोर धरून डॉक्टर म्हणाले, ‘धक्के टाळा.’ मला तिथेच हसू आलं. तीसेक वर्षांपूर्वी ह्याच दोन शब्दांपायी आमच्या दारात होडी आली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दिंडोरी रोडवरच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. ट्रक आख्खा चढवून तोलायचा तो मोठा काटा. द्राक्षं, कांदे, टोमॅटो, सिन्नरकडून येणारे लोखंडी बार, जे काही चाकांवर जायचं ते अण्णांच्या खिडकीसमोरून जायचं. आत एक लांब पितळी दांडी होती, तिच्यावरचं माप सरकवत नेलं की शेवटी ‘टिक्’ असा बारीक आवाज व्हायचा. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसून अभ्यास करायची, आणि अजूनही कुठे तसा आवाज आला की मला सामान्य विज्ञानाचं पुस्तक आठवतं. अण्णांचा एक नियम होता: ज्याचं वजन करायचं, त्याचा चहा प्यायचा नाही. लिफ्ट नाही, कोथिंबिरीची काडी नाही, काहीच नाही. आणि दुसरं म्हणजे कडता. माल ओला असेल तर वजनातून थोडं कापून धरायचं, त्याला कडता म्हणतात. शेतकरी ‘कोरडा हाय हो माल’ म्हणून हुज्जत घालायचा आणि अण्णा मूठभर कांदे हातात घेऊन शांतपणे म्हणायचे, “पाण्याला वजन असतं, भाऊ. ते दिसत नाही एवढंच.” हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलं असेल. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचं घर मखमलाबाद नाक्याजवळ, दोन खोल्या आणि मागे पेरूचं झाड. आईचं माहेर गंगापूर धरणाच्या पलीकडच्या काठाला. धरणावर उभं राहिलं तर मामाच्या घराची कौलं दिसायची, पण जायचं म्हटलं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून जावं लागे आणि शेवटचा तुकडा म्हणजे रस्ता कमी, दगड जास्त. आई त्या रस्त्याने वर्षानुवर्षं जीपच्या मागच्या फळीवर बसून हसत जात आली. मग एक दिवस पाण्याची कळशी उचलताना तिच्या कमरेत काहीतरी सटकलं आणि ती तशीच जमिनीवर बसली. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहा, चाला, पण धक्के नकोत, जीप-एसटीचं तर नावच काढू नका. आणि त्याच वर्षी पलीकडे भिवामामाला अर्धांगवायू झाला. त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई तिकडे जाऊ शकत नाही, मामा इकडे येऊ शकत नाही. मधे नुसतं पाणी. दोघं भावंडं दोन काठांवर आजारी पडून राहिली.

पहिली भाऊबीज तशीच गेली. भाऊ जवळ नसेल तर बहिणीने चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. दिवे लागायच्या वेळेला आई मागच्या अंगणात गेली, बीजेची बारीक कोर पेरूच्या फांदीमागे होती, तिच्याकडे बघून तिने तबक फिरवलं. मग तबक खाली ठेवायला तिला वाकता येईना. ती तशीच उभी राहिली, निरांजन हातात. अण्णांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्यांनी जाऊन तबक हातातून घेतलं. आणि आठ-दहा दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, “पाण्याला खड्डे नसतात.”

“काय?” मी विचारलं.

“पाण्याला खड्डे नसतात म्हटलं. होडी घेऊ.”

आईने भाकरी थापता थापता त्यांच्याकडे असं पाहिलं की तव्यावरची करपली. धरणावर तेव्हा बसायजोगी होडी कोणाकडे नव्हती. मासे धरणारी पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकत. त्या ट्यूबवर आईला बसवायचं म्हणजे कमरेबरोबर अब्रूही जायची.

होडी सापडायला वर्ष लागलं. सापडली ती नांदूर मधमेश्वरला, रखमाजी नावाच्या मासेमाऱ्याकडे. त्याने लोखंडी पत्र्याची नवी करून घेतली होती आणि जुनी लाकडी उन्हाळ्यापासून काठावर पालथी पडून होती. आता ती नांदूरहून गंगापूरला आणायची कशी? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, टेम्पोत टाका. पण आसपासचा एकूण एक टेम्पो अण्णांच्या काट्यावर चढत होता. “भाडं घ्यायचे नाहीत ते,” अण्णा म्हणाले, “आणि मग मी त्यांचं वजन कोणत्या तोंडाने करू?” तेव्हा उरली आमची गाडी. आठशे सीसीची, पांढरी, दुसऱ्या हाताची, आईला दवाखान्यात न्यायला घेतलेली. ती मी चालवायची. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, लायसन्सवरची शाई अजून ओली.

हमीदचाचा वेल्डर आमच्या गल्लीच्या टोकाला. त्यांनी गाडीला मागे हुक बसवला आणि जुन्या दोन चाकांवर एक सांगाडा जोडून दिला, त्यावर होडी ठेवायची. काम झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “अण्णासाब, ये गाडी है, बैल नहीं. साडेतीनशे किलो. सांगाडा धरून. त्याच्यावर एक किलो टाकलात तर क्लच जाएगा, मेरे पास रोना मत.” अण्णांना एवढंच हवं होतं. एक आकडा मिळाला की ते निर्धास्त व्हायचे. सांगाडा भरला नव्वद किलो. म्हणजे होडी दोनशे साठच्या आत हवी.

मग दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही नांदूरला गेलो, ते डिकीत काटा घालून. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलो कळत नाहीत म्हणून त्यांनी ओळखीच्या आडतीतून गोण्या तोलायचा छोटा प्लॅटफॉर्म काटा आणला होता, वजनांसकट. रखमाजी आणि त्याची बायको बघतच राहिले. अण्णांनी होडीचं आधी एक टोक काट्यावर घेतलं, दुसरं विटांवर टेकवलं, मग उलट. दोन्हींची बेरीज केली. दोनशे चाळीस.

“सायेब, आमी होडी चालवून घेतो, तुमी तोलून घेता व्हय?” रखमाजी म्हणाला.

“वीस किलो शिल्लक राहतात,” अण्णा मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. पाडव्याला होडी न्यायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

ती दिवाळी मला वासांनी आठवते. आई पलंगावर आडवी आणि मी चुलीपाशी, असं फराळाचं रणकंदन चाललेलं. तिथून ती नुसत्या नाकावर कारभार करायची. “तेल तापलंय, टाक आता.” “अगं, शेव लाल व्हायलीय, वास येतोय मला इथवर!” चकली मोडली की तिला आवाजावरून कळायचं. मामासाठी ओल्या नारळाच्या करंज्या वेगळ्या, त्याला आता चावत नाही म्हणून मऊ. निरोप आला होता की भिवा फार खात नाही, दिवसभर बाजेवर पडून पाण्याकडे बघत असतो. पुढची भाऊबीज तो बघेल का, हे घरात कोणी बोललं नाही. पण आईने डबा भरला तो चार माणसांना आठ दिवस पुरेल एवढा. अण्णांनी तो नुसता हातात उचलून पाहिला आणि म्हणाले, “नऊ किलो.” त्यांना काट्याची गरज नव्हती खरं तर.

पाडव्याला सकाळी आम्ही नांदूरला पोचलो तर होडी काठावर नव्हती. ती पाण्यात होती. गळ्यापर्यंत बुडवलेली, आत दगड टाकून. रखमाजी अभिमानाने म्हणाला, “पंधरा दीस पाणी पाजलंय तिला. उनात फळ्या सुकून फटी पडल्या व्हत्या. आता लाकूड फुगलं, जोड मिटले. एक थेंब आत यायचा नाय.” त्याच्या बायकोने होडी वर ओढल्यावर तिला हळद-कुंकू लावलं, तांदूळ आणि नारळ ठेवून ओटी भरली. “पोरगी काय उपाशी धाडतात का सासरी?” ती म्हणाली.

अण्णा सरळ गाडीकडे गेले. त्यांनी डिकीतून काटा काढला. काटा बरोबर आणला होताच, कारण माल ताब्यात घेताना पुन्हा तोलायचा, हा त्यांचा शिरस्ता. एक टोक, दुसरं टोक. तीनशे दहा.

ते काट्याजवळच्या दगडावर बसले. जन्मभर लोकांना सांगत आलेला माणूस, की पाण्याला वजन असतं, आणि होडीच्या वेळी तेवढंच विसरला. लाकडाची वस्तू, पाण्यात राहणारी, आणि हिशोब केला कोरडा! मला हसायला येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून हिंमत झाली नाही. सांगाडा धरून चारशे. पन्नास किलो जास्त.

“वाळवायला किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“वाळवली तर गळंल की!” रखमाजी म्हणाला. “बाईमाणसाला बसवून नेनार ना तुमी?”

भाऊबीज उद्यावर होती. अण्णांनी होडीतल्या बसायच्या फळ्या बघितल्या, त्या ठोकलेल्या. वल्ही बघितली, ती लागणारच. मग ते उठले, चपला काढल्या आणि स्वतः काट्यावर उभे राहिले. मान वाकवून दांडी सरकवली. टिक्.

“बासष्ट,” ते म्हणाले. “मी एसटीने येतो. बेबी, तू एकटी ने. बारा किलो शिल्लक राहतात.”

असा कडता मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी घाबरले होते, खूप घाबरले होते, आणि तसं म्हणालेही. त्यांनी खिडकीतून आत हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला. “गाडी ओढेल. हिशोब बरोबर आहे,” एवढंच म्हणाले. रखमाजी त्यांच्याबरोबर निघाला. त्याची बहीण नाशकातच दिलेली, भाऊबीजेला यायचंच होतं, वल्हवायला तोच येणार होता.

निफाडपासून नाशिकपर्यंत मी सायकलवाल्यांच्या मागून गेले. मागे होडी, तिच्या नाकाला कुंकू, आत नारळ गडगडतोय. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. एका टपरीवरून कोणीतरी ओरडलं, “ताई, पूर आलाय का?” शहर ओलांडलं, गंगापूर रोड लागला, आणि धरणाच्या अलीकडच्या चढावर गाडीने मान टाकली. पहिला गिअर, पूर्ण जोर, आणि नुसता जळका वास. मी मागच्या चाकांना दगड लावले आणि रस्त्याच्या कडेला बसून चक्क रडले. हिशोब बरोबर होता. बारा किलो शिल्लक होते. मग गाडी का चढत नव्हती?

गवताचे भारे घेतलेल्या दोन बाया चढावरून खाली येत होत्या. थांबल्या. “काय वो ताई, थकली का गाडी?”

“वजन जास्त झालंय,” मी नाक पुसत म्हटलं.

“मंग उतरवा की कायतरी. काय हाय आत?”

आत काही नाही, असं म्हणत मी डिकी उघडली. आणि डिकीत काटा होता. बिडाचा, जाडजूड, वजनांसकट पन्नास किलोंच्या घरातला. होडी तोलून झाल्यावर रखमाजीने आणि अण्णांनी दोघांनी मिळून तो नेहमीसारखा आत ठेवला होता. अण्णांनी होडी तोलली, सांगाडा तोलला, स्वतःला तोलून खाली उतरवलं, आणि काटा मात्र मोजायचा राहिला. एवढी वर्षं ज्याने सगळं मोजलं त्याचंही वजन असतं, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मी रडता रडता हसायला लागले. त्या बाया घाबरल्या असतील. पण त्यांनी भारे खाली ठेवले आणि आम्ही तिघींनी एकेक वजन, मग तो बिडाचा धोंडा, असं सगळं उतरवून जवळच्या त्यांच्या झोपडीपाशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या खेपेला गाडी धापा टाकत, पण चढली. बाया मागून होडीला हात लावून थोडं चालल्या, पोरीला वेशीपर्यंत पोचवतात तशा.

तासाभराने अण्णा आणि रखमाजी रिक्षाने धरणावर आले. होडी पाण्याकाठी सुखरूप बघून अण्णांनी आधी तिच्यावरून हात फिरवला. मग डिकी उघडी दिसली.

“काटा कुठाय?”

“चढाच्या खाली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलत होते, बेरीज चालली होती. मग एकदम कपाळावर हात मारून खाली बसले आणि हसू लागले. अण्णांना पोट धरून हसताना मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. त्या गडबडीत घरी आईने त्यांना पाडव्याचं ओवाळायचं राहूनच गेलं.

भाऊबीजेला सकाळी मी आईला उशांवर बसवून बैलगाडीच्या वेगाने धरणावर आणलं. रखमाजीने होडी पाण्यात ढकलून ठेवली होती. आत थेंब नव्हता. आईला आम्ही दोघांनी धरून मधल्या फळीवर बसवलं, मांडीवर तबक, पायाशी फराळाचा डबा. मी पुढे बसले. अण्णा काठावर उभे, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली.

“बसा की अण्णा,” रखमाजी म्हणाला. “पाच मानसं बसत्यात हिच्यात.”

“ओली होडी खोल बसते. तिघं ठीक आहे. मी इथे थांबतो, तुम्ही जाऊन या.”

त्यांचा आवाज अगदी सरळ होता, ट्रकवाल्याला पावती देतानाचा. आईने मागे वळून पाहिलं नाही, तिला वळता येत नव्हतं. तशीच समोर पाण्याकडे बघत म्हणाली, “डबा खाली ठेव गं बेबी. त्यान्ला बसू दे.”

“डबा नऊ किलोचा, मी बासष्ट. जमत नाही ते.”

“काटा कुठाय तुमचा?”

“चढाखाली.”

“मंग कशावरनं बासष्ट?” आई म्हणाली. “काल पाडव्याचं ओवाळायचं राहिलं तुमाला. तुमी इथं आन मी तिथं, मी काय तुमाला बी चंद्रावानी लांबनं ओवाळू? बसा गुमान.”

रखमाजी खो खो हसला. अण्णा काठावर क्षणभर घुटमळले. ह्या माणसाला पोहता येत नव्हतं, हे मी वर लिहिलंच आहे. मग त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली आणि ते चढले. होडी चार बोटं खाली गेली, एकदा डुगडुगली, आणि थांबली. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पलीकडे पोचेपर्यंत काढला नाही. पाण्यावर खरंच एकही धक्का नव्हता. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मधेच आईचा श्वास.

पलीकडे चौघांनी मामाची बाज उचलून थेट पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती. आई होडीतून उतरून चार पावलं चालली. मामाच्या डाव्या डोळ्यातलं पाणी वाहत होतं, उजव्याचं तसंच आत. त्याने डाव्या हाताने तिची नथ, तिची वेणी, तिचा खांदा चाचपला आणि जड जिभेने म्हणाला, “यमे... पान्यावनं आली?” आईने ओवाळलं. मग तिथेच, त्याच तबकाने, सगळ्या गावासमोर अण्णांना ओवाळलं. अण्णा इतके लाजले की मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मामाने पुढची भाऊबीज पाहिली, त्याच्या पुढचीही पाहिली. होडीने त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षं जास्त काढली. अण्णा गेले तेव्हा त्यांना उचलताना चौघांना काहीच जड वाटलं नाही, इतके ते शेवटी झिजले होते, आणि माझ्या मनात नको ते गणित आलंच. पण मला ते त्या दिवसाच्या संध्याकाळचे आठवतात. परत निघताना मामीने नव्या तांदळाचं पोतं होडीपाशी आणून ठेवलं. बहिणीला रिकामं कसं पाठवायचं? रखमाजीने अण्णांकडे पाहिलं, मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पोतं छातीशी धरून उचललं, आईच्या पायाशी नीट ठेवलं, आणि स्वतः तिच्या शेजारी येऊन बसले. किती किलोचं आहे, हे त्यांनी विचारलं नाही.